कुशीवर

दह्याचं भांडं काढायला दुर्गेश्वरीनं फ्रिजमध्ये हात घातला आणि तिच्या मनगटावर एक थेंब पडला. गार थेंब. पहिल्यांदा तिला वाटलं, बर्फाचं पाणी असेल. जुन्या फ्रिजला घाम येतोच. पण पदराला पुसायच्या आधी तिनं मनगट सवयीनं नाकाशी नेलं आणि झटक्यानं लांब धरलं. आंबट, गोडसर, कुठल्या तरी बंद खोलीतून आल्यासारखा वास. तिनं वर पाहिलं. वरच्या फळीवर पुठ्ठ्याचा डबा होता, त्याच्या पोटातून काळी प्लास्टिकची तोटी बाहेर आली होती, आणि तोटीच्या ओठावर दुसरा थेंब जमत होता. फिकट पिवळा. बाभळीच्या वाळल्या फुलासारखा पिवळा. तो फुगला, लांबला, पडू की नको करत लोंबकळला आणि खाली दह्यावर झाकलेल्या ताटलीवर टपकला. ताटलीच्या काठावर असे कितीतरी थेंब पडून सुकले होते. बोट लावलं तर चिकट लागलं. हे दही तिनं आज सोमवार सोडायला म्हणून वेगळं विरजलं होतं. सकाळी नागऱ्याच्या देवळात महादेवाला पाणी घालून आली, दुपारी पोथी वाचली, आता दिवेलागणीला पूजा करून दहीभात खायचा, एवढंच आजच्या दिवसाचं उरलं होतं. ताटली उचलून आत बघायची तिला हिंमत होईना. आत थेंब गेला असेल तर दही खायचं पाप, गेला नसेल तर चांगलं अन्न मोरीत ओतायचं पाप. ती फ्रिजचं दार उघडं धरून तशीच उभी राहिली आणि फ्रिज म्हाताऱ्या कुत्र्यासारखा गुरगुरत राहिला.

डबा गेल्या आठवड्यात आला होता. हिमांशु कंपनीच्या मीटिंगला नागपूरला गेला होता, तिथून आणला. जेवणाच्या टेबलावर ठेवून तो लहानपणी नवं खेळणं उघडायचा तसाच उतावळा झाला होता. डब्यावर द्राक्षांचा घड छापलेला. "हे का होय?" तिनं विचारलं होतं. "ज्यूस होय, माय. अंगूरचा. बिनसाखरेचा." "एवढा?" "महिनाभर टिकते ना. आत हवा लागतच नाई." सून चेतना तेव्हा टेबल पुसत होती, ज्यूस शब्द ऐकल्यावर ती पुसलेलीच जागा पुन्हा पुसू लागली. हिमांशुनं पुठ्ठ्यावर टिंबाटिंबांनी आखलेला गोल दोन्ही अंगठ्यांनी आत दाबून फाडला, भोकात बोटं घातली आणि चाचपू लागला. गावी गाय अडली की गुराखी कोपरापर्यंत हात घालून वासराचं खूर शोधायचा, त्याचा चेहरा असाच व्हायचा, डोळे उघडे पण बघणं सगळं बोटांत. मग ओढून काढलेली तोटी. तोटीच्या मागं आत चंदेरी पिशवी क्षणभर दिसली, ओलसर चकाकणारी. "पाहा माय, हे आत पिशवी हाय. जसजसं काढाल तसतशी आकसत जाते. शेवटी एकदम चपटी." त्यानं गिलास धरला, तोटीवर अंगठा दाबला. आधी फुस् करून थोडी हवा आली आणि मग बारीक, सरळ, फिकट पिवळी धार. दुर्गेश्वरीनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. वासानं नव्हे. वास नंतर आला. तिनं तोंड फिरवलं ते धारेच्या रंगानं, आणि गिलासाच्या काठाशी धरलेल्या फेसाच्या कडीनं. तो रंग आणि तो फेस तिच्या हातातल्या बाटलीत एकदा जमला होता, आणि बाटली कोमट होती.

ती बाटली तिला विसरता येत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ती वर्षानुवर्षं विसरून होती. विसरणं हे तिचं रोजचं काम होतं, तुळशीला पाणी घालण्यासारखं. पण डबा आला त्या दिवसापासून तोटी दिसली की दवाखान्यातला वॉर्ड दिसे. तिचा नवरा, भैय्यालाल, खाटेवर उताणे पडलेले, हातपाय काटक्या झालेले आणि मधे पोट, कुणी दुसऱ्याचं आणून ठेवल्यासारखं. बेंबी बाहेर आलेली. डॉक्टर तरुण होता, चष्म्यावर वाफ धरलेली. त्यानं एक हात पोटाच्या एका बाजूला ठेवला आणि तिला म्हणाला, बाई, तुमचा हात मधे ठेवा, उभा, कडेनं. तिनं ठेवला. मग त्यानं दुसऱ्या बाजूनं बोटानं टिचकी मारली. तिच्या तळहाताच्या कडेखालून काहीतरी सरकून गेलं, पाण्यातून मासा जावा तसं. नवऱ्याच्या पोटाला इतक्या वर्षांत तिनं कितीदा हात लावला असेल, पण आत असं काही राहतं हे तिला माहीत नव्हतं. मग सुई, सुईला नळी, नळीला छोटी निळी तोटी, आणि तोटीखाली धरायची बाटली. परिचारिकेला दुसऱ्या खाटेवर बोलावलं म्हणून बाटली तिच्या हातात दिली. भरली की सांगा. ती धरून बसली. धार बारीक होती, सरळ होती, आणि तिच्यातून ऊब बाटलीच्या काचेत, काचेतून तिच्या बोटांत येत होती. बाटली भरत गेली तसं पोट उतरत गेलं. तिला किळस आली आणि किळस आल्याची लाज आली. नवऱ्याचं अंग, त्याची काय शिसारी. तिनं मनात शिवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि नाव तोंडात आल्याबरोबर त्यालाही तो वास लागला म्हणून सोडून दिलं. शेवटी धार तुटली. थेंब, थांबणं, थेंब. डॉक्टर म्हणाला, यांना कुशीवर करा, कुशीवर केल्याशिवाय शेवटचं येत नाही. तिनं आणि दीर उमरावनं मिळून भैय्यालालना कुशीवर केलं. ते कण्हले. तोटी पुन्हा गळू लागली. तिच्या नाकाशी त्यांची पाठ होती, आणि त्या पाठीच्या घामाला, दारू सुटून इतके दिवस झाले तरी, मोहाच्या शिळ्या फुलांचा वास होता.

हिमांशु तेव्हा नागपूरला बारावीत होता. तो आला तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. उमराव भाऊजींनी तिला आतल्या खोलीत चौरीपाशी, घरच्या देवांच्या समोर, बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, पोराले कावीळ म्हणून सांगा. लोकायलेही तेच सांगू. बापाचं नाव खराब होऊन का फायदा?" तिनं मान हलवली. देवांसमोर हलवलेली मान. पुढं प्रत्येक वर्षश्राद्धाला कुणीतरी म्हणे, कावीळ लई वाईट, आणि ती वाटीत वरण वाढत राही. हिमांशु त्यामुळे बरेच दिवस उसाचा रस उघड्यावरचा पीत नसे, बर्फ खात नसे. हातगाडीवरच्या पाण्याला भीत असे. ज्याला भ्यायचं त्याला सोडून बाकी सगळ्याला भीत असे. त्याला सांगायच्या ऐवजी तिनं सोमवार धरला. नागऱ्याच्या महादेवासमोर तांब्या ओतताना ती म्हणाली होती, माझ्या पोराला ते शिवू देऊ नको, मी मरेपर्यंत तुला पाणी घालीन. ऊन असो, ताप असो, चिखलातून रिक्षा जायला नाही म्हणो, सोमवार तिचा चुकला नाही. पिंडीवर धार धरताना तिला बरं वाटे. पाणी वरून खाली जातं, स्वच्छ जातं, कुणाचं काही सांगत नाही. लहानपणी तिचा बाप गावच्या तलावाचं तुडूम, पाणी सोडायचं तोंड, उघडायला जायचा तेव्हाही असंच बरं वाटायचं. चपला पाळीवर काढून, नारळ फोडून, बाप कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा आणि तुडुमाचा लाकडी खुंटा उपटायचा. खाली पाटात पाणी हुंकारत यायचं आणि धानाच्या बांध्यांत सगळ्या बाया हसायच्या. तलावावर धान पिकवणाऱ्या पोवाराच्या पोरीला पाणी सोडणं म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. पण आता या घरात पाणी सोडायचं काम एका काळ्या प्लास्टिकच्या तोटीकडे आलं होतं, आणि ती तोटी दह्यावर गळत होती.

तिनं दही मोरीत ओतलं. पांढरं गोलगोल जाळीवर बसलं, जाईना. तिला तांब्यानं पाणी ओतून घालवावं लागलं. मग साबणानं हात धुतला, मग चिंच लावून धुतला, मग देवापुढचा अंगारा मनगटावर चोळला. वास गेला असेल. वास कातडीत नव्हताच बहुतेक. तिची खरी शिसारी निराळीच होती आणि ती तिला कुणाला सांगता येणार नव्हती: आठवडाभर ती तो डबा उचलून बघत होती. भैय्यालालच्या बाटल्या काचेच्या असत. कपाटात, धानाच्या कोठीमागं, कुठंही लपवल्या तरी सापडल्यावर किती संपली ते डोळ्याला दिसे. ती नखानं लेबलवर खूण करून ठेवी. सकाळी खूण आणि दारू यांच्यामधली काच बघितली की दिवस कसा जाणार ते कळे. या डब्यात दिसत नव्हतं. पुठ्ठा पहिल्या दिवशी होता तेवढाच ताठ, द्राक्षांचा घड तेवढाच टवटवीत. पोरानं आणलेली वस्तू बाहेरून कधीच कमी होत नव्हती. म्हणून रोज सकाळी हिमांशु ऑफिसला गेला, चेतना आंघोळीला गेली की दुर्गेश्वरी फ्रिज उघडून दोन्ही हातांनी डबा उचले. हलका झाला. आणखी हलका झाला. एकदा तिनं एका बाजूला तळहात ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं बोटानं टिचकी मारली. आतून काहीतरी सरकत तिच्या तळहातावर येऊन आपटलं. तिनं डबा असा खाली ठेवला की फळीवरची लिंबं गडगडत खाली आली. त्या दिवशी तिनं पूजेला हातमोजे घालता आले असते तर घातले असते. देवाला फूल वाहायचे तेच हात, आणि दारूचा अंदाजही तेच घेणार. आणि अंदाज बरोबर येतो. इतक्या वर्षांच्या उपासांनी हातातलं तेवढंही गेलं नव्हतं.

सात वाजता रोशन आला, हिमांशुच्या ऑफिसमधला, आणि त्याची बायको प्रिया. रोशन लहानपणापासून घरात येणारा, वाकून पाया पडला. "काकू, आजही उपास? तुमच्याच उपासावर याचं प्रमोशन होऊन राहिलं, मले माहीत हाय. माझ्या मायले सांगा ना एखादा सोमवार धरायले."

"तुझी माय शनिवार करते रे."

"म्हणून मी अजून तिथंच हाव. शनी बसला."

सगळे हसले. दुर्गेश्वरीही हसली, रोशनवर राग धरणं तिला कधी जमलं नाही. हिमांशु सोफ्यावर मांडी घालून बसला होता, बापासारखाच एक गुडघा हलवत. तो म्हणाला, "माय, आम्ही ज्यूस घेऊन राहिलो. तुले पाहिजे का थोडा? फळाचाच होय, उपासाले चालते." हे त्यानं रोशनकडे न बघता म्हटलं, आणि रोशनच्या नाकातून हसू फसकन बाहेर आलं. "घ्या ना काकू, ताकद येते." प्रियानं नवऱ्याला कोपर मारलं. हिमांशु म्हणाला, "चूप ना बे," आणि मग आईकडे बघून तोंडभर हसला, प्रेमानं. तेच तिला सोसवेना. आईला काही कळत नाही यावर त्याचं इतकं प्रेम होतं. ती म्हणाली, "मले पूजा करायची हाय," आणि आत गेली.

पूजेच्या खोलीतून स्वयंपाकघर दिसतं. ती वात वळत होती. कापूस बोटांत फिरत होता, आणि समोर चेतना फ्रिजपाशी उभी राहिली. मुलगी चांगली होती, तिरोड्याच्या माहेराची, कमी बोलणारी. तिनं मागं वळून दाराकडे पाहिलं, कुणी नाही म्हणून पुन्हा फ्रिजकडे वळली, दोन्ही हातांनी डबा उचलला आणि छातीशी थोडा वेळ धरला. नुसता धरला. डोळे मिटून. मग मान किंचित डावीकडे कलली, आणि दुर्गेश्वरीच्या बोटांतली वात थांबली, कारण ती मान तिची होती. अंदाज घेताना ती स्वतः अशीच मान कलती करे. तिनं आरशात कधी पाहिली नव्हती, आता पाहिली. तिच्या उपासांचं, तांब्यांचं, चिखलातल्या रिक्षांचं एवढंच झालं होतं की डबा एका बाईच्या हातातून दुसऱ्या बाईच्या हातात गेला होता.

ती उठून स्वयंपाकघरात आली. "किती हाय?"

चेतना दचकली. "ज्यूस ना, मम्मीजी?"

"जे हाय ते."

चेतनानं डबा ओट्यावर ठेवला. "संपत आला," ती म्हणाली. "परवा अर्ध्याच्या वर होता. रोज एकच गिलास म्हणते. मंग गिलास मोठा आणला." मग हळूच, "तुमाले कधीपासून माहीत हाय?"

"तोटी काढली तवापासून."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

यावर दुर्गेश्वरीला उत्तर होतं. मी देवाला बोलले. हे उत्तर इतकी वर्षं तिला पुरलं होतं. आता ते ओठापर्यंत आलं आणि तिलाच त्याला मघाच्या ताटलीसारखा चिकटपणा लागला. बाहेरून हिमांशुची हाक आली, "चेतू, तो डबाच आण ना इकडे, कितीदा उठायचं." चेतना सासूकडे बघत उभी राहिली. बघणं विचारण्यासारखं होतं. दुर्गेश्वरीनं मान हलवली, जा, आणि चेतना डबा घेऊन गेली. तान्हं पोर न्यावं तसा दोन्ही हातांवर, तोटी बाहेर.

तिनं दिवा लावला. हात जोडले. बाहेर टीव्हीवर कुणीतरी क्रिकेट खेळत होतं, रोशन काहीतरी सांगत होता, आणि त्या सगळ्याच्या खालून तिला तोटीचा आवाज ऐकू येत होता: अंगठा दाबल्याची टक, धार, टक. मग टक, आणि धार नाही. थुंकल्यासारखा एक आवाज. थेंब. थांबणं. थेंब. तिचे जोडलेले हात सुटले.

"संपला का बे?" रोशनचा आवाज.

"नाई, हाय आत. आवाज येऊन राहिला ना. पिशवीत अडकते." हिमांशु डबा हलवत असणार. आत ते इकडून तिकडे आपटत होतं. "पुठ्ठा फाडू का?"

"अबे, दाब ना त्याले."

ती दिवाणखान्याच्या दारात आली. हिमांशुनं डबा टेबलाच्या काठावर घेतला होता, तोटी काठाबाहेर, खाली गिलास. एका हातानं तो डब्याचं पोट दाबत होता. पुठ्ठा आत बसला होता. तोटीच्या तोंडाशी फेस आला होता, एक थेंब, मग काही नाही. त्याचे ओठ किंचित उघडे होते, भिजलेले. त्याच्या कपाळावरची शीर, ती तिनं त्याच्या बापाच्या कपाळावर पाहिली होती, कुलूप लावलेल्या कपाटासमोर. तिला किळस आली. पोटच्या पोराची किळस. वॉर्डात नवऱ्याची आली होती तशीच, आणि तशीच लाज. तेव्हा ती लाजून गप्प बसली होती.

"कुशीवर कर," ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीच हळू असतो, म्हणून आधी कुणाला कळलं नाही. हिमांशुनं वर पाहिलं.

"का म्हटलं, माय?"

"डबा कुशीवर कर. तोटीकडे कलता. मंग दाब. शेवटचं तसंच येते."

त्यानं केलं. डबा एका अंगावर झाला, आतलं सगळं सरकून तोटीशी आलं, आणि धार सुटली, बारीक, सरळ, पिवळी. रोशन खूष होऊन म्हणाला, "वा काकू, तुमी तर एक्सपर्ट निघाल्या." हिमांशु हसला. "खरंच माय, तुले कसं माहीत?"

चेतना भिंतीशी उभी होती. दुर्गेश्वरीनं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"तुझ्या बापाच्या पोटातलं पाणी असंच काढलं होतं," ती म्हणाली. "अशीच तोटी होती, निळी. खाली बाटली मी धरली होती. हाच रंग. शेवटी येईना, तवा डॉक्टरनं त्याहिले कुशीवर करायले लावलं."

टीव्हीवर लोक ओरडले. रोशननं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला, मग रिमोट कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. प्रिया गिलास हातात धरून होती. तिनं तो हळूच टेबलाखाली, पायाशी ठेवला. हिमांशुचा अंगठा तोटीवर तसाच दाबलेला राहिला. गिलास भरला, काठावर फुगला, आणि धार त्याच्या बोटांवरून, मनगटावरून, बाहीत जाऊ लागली.

"बाबाले तर कावीळ झाली होती," तो म्हणाला. सतरा वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाला.

"नाई झाली होती."

ती पुढं गेली आणि त्याचा अंगठा तोटीवरून काढला. एकेक बोट सोडवावं लागलं नाही, तो लगेच निघाला, हलका, गार. तोटी बंद झाली. तिचा तळहात ओला झाला होता. वास वर आला. आत दिवा जळत होता, उपास सोडायचा होता, मोरीपाशी चिंच तशीच पडली होती. हिमांशु तिच्याकडे बघत होता. त्याच्या तोंडात प्रश्न जमत होता, तोटीच्या ओठावर थेंब जमावा तसा, पडू की नको करत.

दुर्गेश्वरी त्याच्या शेजारी सोफ्यावर बसली. ओला हात तिनं मांडीवर उताणा ठेवला. धुवायला उठली असती तर तेवढ्यात त्यानं तो प्रश्न गिळला असता.